पहिले कंपाउंड धनुष्य : आधी माप, मग मोल

अजिंठ्याच्या नऊ आणि दहा क्रमांकांच्या लेण्यांत तेथील सर्वांत जुनी चित्रे आहेत. इसवी सनापूर्वीची ही चित्रे आता बरीच पुसट झाली आहेत. तरी दहाव्या लेण्यात कोणी बोट दाखवले, तर श्यामजातकाची कथा ओळखता येते. आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरायला आलेल्या श्यामाला शिकारीस निघालेल्या राजाचा बाण लागतो, अशी ती कथा आहे. श्रावणबाळाची गोष्ट ठाऊक असलेल्या मुलांना ती लगेच आपली वाटते. शाळेची सहल अजिंठ्याला नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना या भिंतीपुढे जरूर थांबवावे आणि एक प्रश्न विचारावा : हे धनुष्य आणि आज मैदानावर दिसणारे धनुष्य यांत फरक कोणता?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. याच अजिंठ्याच्या डोंगररांगेत पुढे बुलढाणा आहे. तेथील प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जागतिक क्रमवारीतील पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसर याला अंतिम फेरीत हरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे वैयक्तिक विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. या तिघांच्याही हाती कंपाउंड धनुष्य होते.

तेव्हापासून ठिकठिकाणच्या शाळांत शिक्षकांपुढे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. एखादी मुलगी तिरंदाजीच्या वर्गाला जाऊ लागते, सहा महिन्यांत गोडी लागते, आणि वडील येऊन विचारतात, "सर, हिला कंपाउंड धनुष्य घ्यायचं म्हणतोय. कोणतं घेऊ?" रक्कम लहान नसते. कधी पीक विकून, कधी पतपेढीचे कर्ज काढून ती उभी केलेली असते. चुकीचे धनुष्य घेतले तर पैसे तर जातातच, शिवाय वाढत्या वयातला खांदाही दुखावतो. म्हणून हा प्रश्न केवळ क्रीडाशिक्षकांचा मानू नये. विज्ञानाच्या शिक्षकांनीही तो हाती घ्यावा, असे आम्हाला वाटते. कारण त्याचे उत्तर नववी-दहावीच्या पुस्तकातील कार्य, ऊर्जा आणि तरफ या प्रकरणांत दडलेले आहे.

साध्या धनुष्याचा हिशेब

साधे धनुष्य ही एक स्प्रिंगच आहे. दोरी जितकी मागे ओढावी तितका जोर अधिक लागतो. आडव्या अक्षावर ओढीचे अंतर आणि उभ्या अक्षावर बल घेऊन आलेख काढला, तर जवळजवळ सरळ चढणारी रेषा मिळते. या रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे आपण केलेले कार्य, आणि तेच धनुष्यात साठलेली स्थितिज ऊर्जा.

समजा, धनुष्य पूर्ण ओढल्यावर ४० पाउंड, म्हणजे सुमारे १८ किलोग्रॅमचा भार लागतो. न्यूटनमध्ये हे बल सुमारे १७८ होईल. दोरी तिच्या जागेपासून ४५ सेंटिमीटर मागे येते असे धरू. आलेखाखाली त्रिकोण तयार होतो. त्याचे क्षेत्रफळ १/२ × १७८ × ०.४५, म्हणजे सुमारे ४० ज्यूल.

येथे तिरंदाजाची अडचण लक्षात घ्या. नेम धरायचा तो दोरी पूर्ण ओढल्यावर, आणि नेमका त्याच क्षणी भार सर्वांत जास्त असतो. १८ किलोचा ताण बोटांवर तोलत हात स्थिर ठेवायचा. अजिंठ्याच्या राजाची हीच अडचण होती आणि आजच्या ऑलिंपिकमधील रिकर्व्ह धनुष्यधाऱ्याचीही हीच आहे. साताऱ्याच्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला तो याच प्रकारात.

चाकांची किमया

अमेरिकेतील मिसुरी राज्यात राहणाऱ्या हॉलेस विल्बर ॲलन याने १९६६ मध्ये एका नव्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ च्या डिसेंबरात त्याला पेटंट मिळाले. त्याने धनुष्याच्या दोन्ही टोकांना मध्याबाहेर आस असलेली चाके बसवली. अशा विकेंद्री चाकाला कॅम म्हणतात.

प्रत्येक कॅमला दोन खाचा असतात. एका खाचेत दोरी गुंडाळलेली असते, दुसरीत केबल. आपण दोरी ओढू लागलो की ती चाकावरून सुटत जाते, चाक फिरते आणि केबल दुसऱ्या खाचेत गुंडाळली जाऊन धनुष्याची पाती वाकवते. म्हणजे हे चाक एक फिरती तरफ आहे. हाताचे बल दोरीच्या खाचेच्या त्रिज्येवर काम करते आणि पात्यांचे बल केबलच्या खाचेच्या त्रिज्येवर. तरफेचा नियम तोच : बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा.

खुबी ही की खाचा गोल नसल्यामुळे, आणि आस मध्यावर नसल्यामुळे, या दोन भुजा चाक फिरताना बदलत राहतात. सुरुवातीला दोरीची भुजा लहान आणि केबलची मोठी असते. त्यामुळे भार झपाट्याने चढतो. ओढ संपत आली की उलट होते. दोरीची भुजा मोठी, केबलची लहान. पाती पूर्वीपेक्षा अधिक वाकलेली असूनही हाताला भार कमी लागतो. हातपंपाचा दांडा टोकाशी धरला की हलका लागतो आणि खिळीजवळ धरला की जड, तसेच हे. येथे फक्त दांड्याची लांबी आपोआप बदलते.

भारातल्या या घटीला तिरंदाज लेट-ऑफ म्हणतात. आपण तिला 'सूट' म्हणू. ४० पाउंडांच्या धनुष्याला ७५ टक्के सूट असेल, तर शेवटी हातावर फक्त १० पाउंड, म्हणजे साडेचार किलो भार उरतो. शांतपणे नेम धरता येतो.

दुसरा फायदा आलेखात दिसतो. भार लवकर चढतो, काही काळ वरच राहतो आणि शेवटी घसरतो. आलेखाचा आकार त्रिकोणाऐवजी टेकडीच्या सपाट माथ्यासारखा होतो. क्षेत्रफळ पूर्ण आयताच्या पाऊण भागाइतके धरले, तर ०.७५ × १७८ × ०.४५, म्हणजे सुमारे ६० ज्यूल. तितक्याच ओढभारात दीडपट ऊर्जा!

यातील तीन चतुर्थांश ऊर्जा बाणाला मिळाली तर ती ४५ ज्यूल होते. बाण २० ग्रॅमचा असेल तर गतिज ऊर्जेच्या सूत्राने त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६७ मीटर येतो. कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवर होते. हवेचा विरोध सोडून दिला तर बाणाला तेवढे अंतर काटायला पाऊण सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात तो पावणेतीन मीटर खाली येतो. धनुष्यावरची साइट ही घट भरून काढण्यासाठीच खालीवर सरकवायची असते.

सुटीतला धोका

आता मुख्य मुद्दा. दुकानात धनुष्य हाती घेणारा नवखा माणूस दोरी ओढतो, शेवटी भार एकदम उतरतो आणि तो म्हणतो, "अरे, हे तर हलकं आहे!" फसगत येथेच होते. सूट शेवटी मिळते. त्याआधी सर्वांत मोठा भार ओलांडावाच लागतो, आणि प्रत्येक बाणाला ओलांडावा लागतो.

पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात. ओढभार ४० पाउंड असेल तर प्रत्येक वेळी १८ किलो. बहात्तर वेळा १८ किलो म्हणजे जवळजवळ १३ क्विंटल. सरावाचे बाण वेगळेच. तेच धनुष्य २८ पाउंडांवर लावले तर एका बाणाला १२.७ किलो आणि सगळे मिळून ९ क्विंटलांच्या थोडे वर. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्याला हा फरक फार मोठा आहे.

दोरी परत सोडतानाही धोका असतो. नेम बसला नाही, म्हणून बाण न सोडता दोरी पुढे न्यायची ठरवली, तर हलका वाटणारा भार काही सेंटिमीटरांत एकदम चढतो आणि हाताला पुढे खेचतो. हात तयार नसेल तर खांद्याला हिसका बसतो. म्हणूनच 'किती ओढता येते' यापेक्षा 'किती सावकाश ओढून सावकाश परत सोडता येते' ही कसोटी खरी.

आणि ओजसच्या १५० गुणांचा अर्थही पाहून घ्या. कंपाउंडच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. ५० मीटरवरून मध्यापासून ४ सेंटिमीटर चूक म्हणजे १२५० भागांत एक भाग. दोरीवरचे डोळ्याजवळचे बारीक छिद्र आणि पुढची साइट यांत ८५ सेंटिमीटर अंतर धरले, तर यांपैकी एक जागचे मिलिमीटरच्या सात दशांशांनी हलले तरी बाण दहाच्या कडेवर जातो. जे धनुष्य अंगाला बसत नाही, मान ताणायला किंवा खांदा उचलायला लावते, त्याने रोज सारखा नेम धरणे अशक्यच. महागडे धनुष्य ही उणीव भरून काढत नाही.

पहिले माप : डोळा

कंपाउंड धनुष्य उजव्या किंवा डाव्या हाताचे असे वेगवेगळे बनते. कोणते घ्यायचे हे लिहिण्याच्या हातावरून न ठरवता आधी डोळा पाहावा. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये लहान त्रिकोणी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून फटीतून फळ्यावरचा एखादा ठिपका पाहा. आता एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना ठिपका फटीतच राहतो, तो प्रबळ डोळा. उजवा डोळा प्रबळ असेल तर उजव्या हाताने दोरी ओढायचे धनुष्य, डावा असेल तर डाव्या. हात आणि डोळा जुळत नसतील, तर खरेदीपूर्वी प्रशिक्षकाशी बोलून, दोन्ही प्रकारची धनुष्ये काही दिवस वापरून ठरवावे.

दुसरे माप : ओढीची लांबी

साध्या धनुष्याची दोरी लहान हाताचा माणूस थोडी कमी ओढतो, लांब हाताचा थोडी अधिक. कंपाउंडमध्ये ही मोकळीक नाही. कॅम ठरावीक जागी फिरून थांबतो आणि दोरी भिंतीला टेकल्यासारखी अडते. तिरंदाज या जागेला 'वॉल'च म्हणतात. ही जागा धनुष्य ठरवते, आपण नाही. म्हणून सगळ्या मापांत हे माप अधिक महत्त्वाचे.

अंदाज सोपा आहे. मुलाला भिंतीला पाठ लावून उभे करा. हात दोन्ही बाजूंना सरळ पसरायला सांगा. ताण देऊन नव्हे, सहज. मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजा आणि त्याला २.५ ने भागा. पसर १६५ सेंटिमीटर असेल तर ओढ ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच. धनुष्याची मापे बाजारात इंचांतच सांगतात. हा अंदाज आहे, शेवटचा निर्णय नाही. तो मैदानावर धनुष्य ओढलेल्या अवस्थेत बाजूने पाहून पक्का करावा.

ओढ जास्त असेल तर डोके मागे कलते, पाठ वाकते, दोरी पुढच्या हाताला चाटून जाते. ओढ कमी असेल तर कोपर आणि मान आखडतात, आणि ऊर्जाही घटते. ४५ सेंटिमीटरांतले एक इंच कमी झाले, तर साठवण पाच-सहा टक्क्यांनी कमी होते. दोन चुकांपैकी एक पत्करायचीच असेल, तर नवख्याने थोड्या कमी ओढीची पत्करावी. तिच्यात खांदा सुरक्षित राहतो.

मुले वाढतात, हे विसरू नये. हातांचा पसर १० सेंटिमीटरने वाढला की ओढ ४ सेंटिमीटरने, म्हणजे दीड इंचाहून थोडी अधिक वाढते. काही धनुष्यांत कॅमवरचा लहान तुकडा, ज्याला मॉड्यूल म्हणतात, सरकवून किंवा बदलून ओढ बदलता येते. काहींत पूर्ण कॅमच बदलावा लागतो. शाळकरी मुलासाठी पहिल्या प्रकारचेच धनुष्य घ्यावे. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच : "ओढ किती इंचांपासून किती इंचांपर्यंत बदलते, आणि त्यासाठी वेगळा भाग विकत घ्यावा लागतो का?"

तिसरे माप : ओढभार

यासाठी साधी परीक्षा आहे. मुलाला खुर्चीवर बसवा आणि पाय जमिनीपासून किंचित उचलायला सांगा. धनुष्याला बाण लावलेला असावा आणि समोर, जवळच, सुरक्षित लक्ष्य असावे. आता धनुष्य आभाळाकडे न उचलता, अंगाला हिसका न देता, दोरी सरळ मागे ओढता आली पाहिजे. ओढून तीस सेकंद धरता आली पाहिजे आणि तितक्याच सावकाश परत सोडता आली पाहिजे. यांपैकी एकही जमले नाही तर भार जास्त आहे. मुलगा कितीही म्हणाला की "मला जमतंय", तरी कमी करावा.

शाळकरी मुलांना सुरुवातीला साधारणपणे २० ते ३० पाउंडांच्या आतच ठेवावे, लहानांना त्याहूनही कमी. प्रौढ नवख्याला ३० ते ४० पुरेसे होतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार कंपाउंडचा कमाल ओढभारच ६० पाउंड आहे. त्याची घाई कोणालाच नको.

पात्यांच्या बुडाशी असलेले बोल्ट फिरवून भार काही मर्यादेत कमीजास्त करता येतो. काही धनुष्यांत ही मर्यादा १० पाउंडांची असते, काहींत खूप मोठी. वाढत्या मुलांना दुसरे सोयीचे. वरचा आणि खालचा बोल्ट सारखेच फिरवावेत, आणि उत्पादकाने सांगितलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त कधीही उघडू नयेत. पाती सुटून अपघात होऊ शकतो.

लांबी, खोली आणि कॅमचा स्वभाव

वरच्या चाकाच्या आसापासून खालच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर म्हणजे धनुष्याची लांबी. जाहिरातींत ३० इंचांच्या आसपासची आखूड, झाडीत नेता येतील अशी धनुष्ये पुष्कळ दिसतात. ती परदेशातील शिकाऱ्यांसाठी बनवलेली असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि आपले लक्ष्य कागदाचे आहे. आपल्याला स्थिरता हवी. लांब दांडी हाती घेऊन दोरीवर चालणारा डोंबारी आठवा. वजन मध्यापासून दूर असले की जडत्वाचे परिघूर्ण वाढते आणि वस्तू सहज डगमगत नाही. त्यामुळे लक्ष्यवेधासाठी ३५ ते ४० इंच लांबीचे धनुष्य बरे. लहान चणीच्या मुलांना थोडे आखूड चालेल. आखूड धनुष्यात दोरीचा कोनही टोकदार होतो आणि नाकाला-हनुवटीला टेकवून रोज सारखी जागा पकडणे अवघड जाते.

दोरी स्वस्थ असताना तिचे मुठीपासूनचे अंतर साधारण ६ ते ८ इंच असते. हे अंतर कमी ठेवले की दोरीचा प्रवास वाढतो, ऊर्जा वाढते आणि बाण वेगवान होतो. पण बाण दोरीवर अधिक काळ राहतो आणि तेवढ्या वेळात हात हलला तर ती चूक बाणात उतरते. नवख्याने ७ इंच किंवा त्याहून जास्त अंतर असलेले धनुष्य पाहावे.

कॅमही 'कडक' आणि 'नरम' असतात. कडक कॅममध्ये भार झटकन चढतो आणि शेवटी खोल दरीत उतरतो. वेग मिळतो, पण ओढ खडबडीत लागते आणि जरा ढिले पडले की दोरी पुढे पळते. पहिल्या धनुष्याला नरम कॅम आणि ६५ ते ७५ टक्क्यांच्या आसपास सूट असावी. जाहिरातीत ठळक छापलेला वेगाचा आकडा पाहू नका. तो मोठ्या ओढभारावर, लांब ओढीवर आणि हलक्या बाणावर मोजलेला असतो.

शेवटी धनुष्याचे वजन. नुसते धनुष्य दोन किलोच्या आसपास असते. साइट आणि स्टॅबिलायझर लावल्यावर ते आणखी वाढते. पुढचा हात सरळ ठेवून ते तोलायचे असते. दोन-अडीच किलोची पिशवी मुलाला तशी वीस सेकंद धरायला लावा. खांदा लगेच वर चढू लागला तर आधी व्यायाम, मग खरेदी.

बाण : अर्धी निवड

धनुष्यावर सगळे पैसे संपवून बाण 'मिळतील ते' घेणे ही नेहमीची गोष्ट. बाण सुटताना वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. त्याचा ताठपणा धनुष्याच्या भाराशी आणि बाणाच्या लांबीशी जुळावा लागतो. ताठपणा मोजायची रीत वर्गात दाखवण्यासारखी आहे. २८ इंचांवर ठेवलेल्या दोन आधारांवर बाण आडवा ठेवून मधोमध सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि तो इंचाचा कितवा भाग झुकला ते पाहतात. अर्धा इंच झुकला तर त्याचा क्रमांक ५००. क्रमांक मोठा तितका बाण लवचिक. उत्पादकाच्या तक्त्यात ओढभार आणि लांबी पाहून क्रमांक निवडायचा असतो.

बाण फार हलकाही नको. ओढभाराच्या दर पाउंडामागे किमान ५ ग्रेन, म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे तिसरा भाग, असा सर्वसाधारण दंडक आहे. ४० पाउंडांना १३ ग्रॅम ही शेवटची मर्यादा. नवख्याने त्याहून बराच जड बाण वापरावा. कारण ऊर्जा नाहीशी होत नाही. बाणाने घेतली नाही तर ती पात्यांत, कॅममध्ये आणि दोरीत परत येते. बाण न लावता दोरी सोडली तर सगळीच ऊर्जा धनुष्यावर उलटते. पाते तडकते, केबल चाकावरून उतरते, डोळ्याला इजा होऊ शकते. धनुष्य हाती देण्यापूर्वी मुलांना सांगायचा पहिला नियम हा : बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, गंमत म्हणूनही नाही.

कार्बनचे बाण प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी हलकेच वाकवून, फिरवून तडा आहे का ते पाहावे. आणि शिकाऊ मुलाचा बाण ओढीपेक्षा एक-दोन इंच लांबच ठेवावा. आखूड बाण आधारावरून मागे निसटून हातात शिरू शकतो.

खर्चाची वाटणी

कंपाउंडला बोटांनी दोरी सोडत नाहीत. त्यासाठी कळ दाबून दोरी सोडणारे रिलीज लागते. शिवाय साइट, तिच्यावरचे भिंग, दोरीतले छिद्र, बाणाचा आधार, स्टॅबिलायझर, बाण, हाताचे संरक्षक आणि पेटी. या सगळ्यांची यादी किमतींसह आधी लिहून काढावी आणि त्यातून उरेल तेवढ्यात धनुष्य पाहावे. दोरी आणि केबल काही काळाने बदलाव्या लागतात. त्यासाठी पाती दाबून धरणारे खास यंत्र लागते. घरी पक्कड-पान्ह्याने हे काम करू नये. म्हणून ज्या गावाच्या आसपास असे यंत्र आणि जाणकार माणूस नाही, तेथे कंपाउंड घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

जुने धनुष्य घ्यायला हरकत नाही, मात्र पाहून घ्यावे. पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवावा. धागा अडकला तर तेथे चीर आहे. चाके बाजूला कललेली नसावीत, आस वाकलेला नसावा, दोरीचे तंतू पिंजलेले नसावेत. आणि त्या धनुष्याची मॉड्यूल अजून मिळतात का, हे विचारावे. शेजाऱ्याचे धनुष्य स्वस्तात मिळाले, पण ओढ तीन इंचांनी जास्त, तर ते फुकट मिळाले तरी महाग.

सहा महिने तरी क्लबच्या किंवा शाळेच्या धनुष्यावर शिकावे, असे आम्ही सुचवू. आपल्या शालेय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा इंडियन राउंडही असतो. त्यावर उभे राहणे, ओढणे, श्वास आवरणे हे सर्व शिकता येते आणि खर्च फार होत नाही. ऑलिंपिकचे स्वप्न असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. २०२४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये कंपाउंड नव्हतेच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी एप्रिल २०२५ मध्ये कंपाउंडच्या फक्त मिश्र संघाची स्पर्धा मंजूर झाली. तेव्हा निवड आवडीने करावी.

वर्गात करून पाहा

१. बांबूचे लहान धनुष्य मुठीपाशी भक्कम खुंटीला अडकवा. दोरीला स्प्रिंगकाटा लावून शिक्षकांनी ती सावकाश ओढावी आणि दर ५ सेंटिमीटरला काट्याचे वाचन घ्यावे. मुलांनी बाजूला उभे राहावे. दोरी सोडू नये, सावकाशच परत न्यावी. आलेखकागदावर रेषा काढून खालचे चौकोन मोजा. मिळाली ती साठलेली ऊर्जा.

२. डब्यांची दोन झाकणे घ्या, एक दुसऱ्याच्या दुप्पट व्यासाचे. एकावर एक चिकटवून मध्ये खिळा घाला. दोन्हींवर उलट दिशांनी दोरे गुंडाळून वजने टांगा. मोठ्यावरचे ५० ग्रॅम लहानावरच्या १०० ग्रॅमला तोलते. आता खिळा मध्यापासून बाजूला घालून पाहा. चाक फिरेल तसा तोल बदलेल. हाच कॅम.

३. वर्गातील सर्वांच्या हातांचा पसर मोजून २.५ ने भागा आणि तक्ता करा. एकाच वयाच्या मुलांत ओढीचा फरक किती इंचांचा आहे, ते पाहा. 'सगळ्यांसाठी एकच धनुष्य' का चालत नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

या तक्त्याची एक प्रत जपून ठेवावी. पुढे कोणी पालक "कोणतं घेऊ?" असे विचारत आले, तर धनुष्यांची चित्रे पाहण्यापूर्वी त्यांना मुलाच्या नावापुढचे चार रकाने दाखवावेत : प्रबळ डोळा, ओढ, झेपणारा ओढभार, आणि पुढच्या हाताला तोलता येणारे वजन. रकाने भरलेले असतील तर दुकानात जायला हरकत नाही. एखादा रकाना रिकामा असेल, तर पैसे थोडे दिवस पतपेढीतच राहू द्यावेत.